डोळ्याचं झाकण, कॅमेऱ्याचं झाकण

प्रिय मामा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. आधीची तीन फाडून टाकली. पहिल्यात मी नुसताच घाबरलेला दिसत होतो, दुसऱ्यात उसना धीट वाटत होतो, आणि तिसऱ्याची दोन पानं हवापाण्याच्या चौकशीतच संपली. माझा स्वभाव तुला माहीत आहे. गच्चीचं दार नीट लागलंय की नाही, हे बघायला तीनतीनदा जिना चढणारा मी माणूस, आणि दर वेळी दार लागलेलंच असतं. या वेळी मात्र खरंच उघडं राहिलंय. माझ्या उजव्या डोळ्यात बरोबर मधोमध एक डाग पडलाय. तो सूर्यामुळे पडलाय. चूक दुर्बिणीची नाही, माझी आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला मागे फिरता येणार नाही. तूही हे पत्र अर्ध्यावर सोडू नकोस.

दुर्बीण तूच आणली होतीस. बंद पडलेल्या शाळेच्या सामानातून उचललीस आणि तू चालवतोस त्या बसच्या शेवटच्या सीटखाली घालून आणलीस. तिचा एक पाय तेव्हाच वाकडा होता. "मास्तर, शाळा तुला सोडून गेली, निदान शाळेची दुर्बीण तरी घे," असं म्हणाला होतास. नववीतून माझं नाव काढलं त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. तरी लोकांच्या पाट्यांमधल्या चुका काढायची माझी खोड गेली नव्हती, म्हणून तू ठेवलेलं हे 'मास्तर' नाव दुकानातही चिकटलं. लोक दुर्बिणीतून चंद्र बघतात, तारे बघतात. मला अंधारात गच्चीवर जायचीच भीती, हे तुला सांगायला नको. म्हणून मी सूर्य निवडला. दुपारी एक ते दोन चष्म्याचं दुकान बंद असतं. तेवढ्या वेळात घरी यायचं, पाच मिनिटं डोळ्याने सूर्य बघायचा, वहीत वर्तुळ काढून त्यावरचे डाग जिथल्या तिथे मांडायचे, मग मागे कॅमेरा लावून फोटो काढायचा. वेळ एक वाजून दहा मिनिटांची. ढग नसतील तेव्हा एकही दिवस चुकवला नाही. दोनशे चौदा फोटो झाले. सूर्यावरचे डाग डावीकडून उजवीकडे सरकताना एकामागोमाग एक फोटोंत बघितले की वाटायचं, आपल्यालाही कुणीतरी काहीतरी शिकवतंय. मी किती काळजी घ्यायचो ते तुला ठाऊक आहे. दुर्बिणीच्या तोंडावरचं, ऊन अडवणारं झाकण नीट बसलंय ना, त्याला कुठे टाचणीएवढं तरी भोक पडलंय का, हे रोज उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय मी दुर्बीण सूर्याकडे वळवली नाही. एकदाही नाही. लिहितानाही स्वतःचीच चीड येतेय.

आता दुकानात काय झालं ते सांगतो. चष्म्याची काच कापायच्या आधी ती एका यंत्रात धरतात, एक डोळा मिटून नंबर जुळवतात आणि दांडा दाबतात. काचेवर शाईचे तीन ठिपके एका ओळीत उमटतात. मधला ठिपका माणसाच्या बुबुळासमोर आला पाहिजे, सगळी काच त्याच्या हिशोबाने कापायची. बारा दिवसांपूर्वी, एका गुरुवारी, मी डावा डोळा मिटून काच उजव्याजवळ धरली तर मधला ठिपका नव्हता. मला वाटलं, शाई संपली. पुसून पुन्हा दाबला. पुन्हा दोनच. शाई भरली, टोक साफ केलं, पुन्हा दाबला. डावीकडचा होता, उजवीकडचा होता, मध्ये नुसती धुरकट पोकळी. चौथ्यांदा काच पुसत होतो तेव्हा मालक मागून आले. म्हणाले, "अरे मास्तर, काचेला आंघोळ घालतोयस का?" मी म्हटलं, यंत्र बिघडलंय, मधला ठिपका पडत नाही. त्यांनी काच हातात घेतली, हात लांब करून बघितली आणि हसले. "तिन्ही आहेत की! चष्म्याचं दुकान आणि कारागीरच आंधळा, छान चाललंय आपलं." ते हसत गल्ल्यावर जाऊन बसले. मी डावा डोळा उघडला. तीन ठिपके. डावा मिटला, उजव्याने बघितलं. दोन. डावीकडच्या ठिपक्याकडे बघितलं तर तो गेला आणि मधला आला. ज्याच्याकडे बघावं तोच नाहीसा. मामा, माझ्या हातातून काच खाली पडली आणि मी ती उचललीच नाही.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बसतात, गिऱ्हाईकं त्यांच्याकडूनच चिठ्ठी घेऊन खाली येतात. त्या मला ओळखतात. मी पायऱ्या मोजत वर गेलो, बावीस आहेत. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, प्रकाश टाकला. मग विचारलं, "सूर्याकडे बघितलंस का कधी?" मी जरा फुशारकीनेच म्हटलं, रोज बघतो, दुर्बिणीतून, पण झाकण लावून. त्या म्हणाल्या, "झाकण घेऊन ये." एवढंच. मी विचारलं, दुखलं कसं नाही? तर म्हणाल्या, "आतल्या पडद्याला दुखणं कळतच नाही. कळलं असतं तर तू दुसऱ्याच क्षणी डोळा काढला असतास." दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा आजाऱ्याची उणीव भरून काढतो, म्हणून माणसाला कित्येक दिवस पत्ता लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. औषध नाही. सहा महिन्यांत डाग विरेल, किंवा थोडा विरेल, किंवा राहील. त्यांनी तिन्ही गोष्टी एकाच आवाजात सांगितल्या.

झाकणाचं तुला नीट सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठ्याचं गोल झाकण बसतं आणि त्याला एक चंदेरी, सुरकुतलेली फिल्म ताणून लावलेली असते. ती सूर्याचा जवळपास सगळा उजेड अडवते. ही फिल्म दोन जातींची मिळते. एक डोळ्यांसाठी, गडद. दुसरी फक्त कॅमेऱ्यासाठी, ती सोळापट जास्त उजेड आत सोडते, म्हणजे फोटो झटकन निघतो आणि थरथरत नाही. तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही, असं पाकिटावर ठळक लिहिलेलं आहे. मी दोन्ही घेतल्या, दोन झाकणं केली. दिसायला सख्खी भावंडं. म्हणून एकावर 'डोळा' आणि दुसऱ्यावर 'कॅमेरा' अशी सुबक पट्टी चिकटवली. पुढे पुठ्ठा ओलाव्याने सैल पडला. एका बुधवारी सुट्टी होती तेव्हा मी दोन्ही फिल्म सोडवल्या, नवे पुठ्ठे कापले, फिल्म पुन्हा ताणून लावल्या आणि डिंक वाळायला शेजारी शेजारी ठेवल्या. पट्ट्या लिहिल्या नंतर. मधे आईने चहाला हाक मारली म्हणून मी उठलो होतो. परत येऊन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो, म्हणजे माझं डावं उजवं झालं. एवढंच घडलं, मामा. एक कप चहा आणि टेबलाची दुसरी बाजू. त्यानंतर तेवीस दिवस मी 'डोळा' लिहिलेलं झाकण लावून डोळ्याने बघितलं, आणि ते कॅमेऱ्याचं होतं.

वरून खाली येऊन मी घरून झाकणं आणली आणि दुकानातल्या मोठ्या दिव्यासमोर धरली. 'कॅमेरा' लिहिलेल्यातून दिवा जवळजवळ दिसेना. 'डोळा' लिहिलेल्यातून पिवळा ठिपका स्वच्छ दिसला. मग वही काढली. त्या बुधवारची नोंद माझ्याच अक्षरात आहे, पुसलेली नाही, खाडाखोड नाही. फोटोपुढे लिहिलंय, रोज सेकंदाच्या हजाराव्या भागात निघणारा फोटो आज साठाव्या भागात निघाला, हवेत धूळ दिसते. आणि त्याच्याच वरच्या ओळीत, डोळ्याने बघितल्यावर लिहिलंय, आज सूर्य फार तेजस्वी, हवा अगदी निर्मळ. एकाच दिवशी, दहा मिनिटांच्या अंतराने, एकाच हवेबद्दल मी दोन उलट गोष्टी लिहिल्या आणि खाली रेघ मारून वही मिटली. लोकांच्या पाटीवरची वेलांटी मला रस्त्याच्या पलीकडून दिसते, आणि हे दिसलं नाही. मला खात्री होती की पट्टी मीच लिहिलीय म्हणजे बरोबरच असणार.

तेव्हापासून माझं काय चाललंय ते लिहायला लाज वाटते. आखीव चौकटीचा कागद भिंतीला लावलाय, सकाळी उठलो की त्याच्यापुढे जाऊन एक डोळा झाकतो. मधल्या चौकटी वितळल्यासारख्या वाकलेल्या दिसतात. काल जरा सरळ वाटल्या, तर मी खुर्चीवर बसून रडलो. संध्याकाळी पुन्हा बघितल्या तर वाकलेल्याच. डाव्या डोळ्यालाही काही झालंय का, म्हणून त्याला दिवसातून वीस वेळा तपासतो, तो बिचारा आता भीतीनेच पाणावतो. झोपेत मी काचा कापतो आणि सगळ्या काचांना दोनच ठिपके असतात. दुकानात आठवडाभर लपवलं. डाव्या डोळ्याने काम करायचा प्रयत्न केला, पण यंत्राला उजवा लावायची सवय, हात चुकायला लागला. एका बाईंची काच वाकडी कापली. त्या चष्मा घालून दुकानाची पायरी उतरल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना काही झालं नाही. पण त्या पडल्या असत्या तर? दुसऱ्या दिवशी मी मालकांना सगळं सांगितलं. वाटलं, हाकलतील. ते बराच वेळ फडक्याने नाक पुसत बसले. मग म्हणाले, "मी आंधळा म्हणालो होतो ना तुला... जाऊ दे." आता मी काउंटरला चष्म्याच्या चौकटी पुसतो आणि डब्या मोजतो. यंत्रावर नवा माणूस आलाय. त्याचा दांडा दाबल्याचा आवाज आला की मोजलेल्या डब्या मी पुन्हा पहिल्यापासून मोजतो. तरी एक सांगतो, सांगून टाकल्याच्या दिवशी मला पहिल्यांदा सलग झोप लागली.

आता तो रविवार. त्या बुधवारनंतरचा चौथा दिवस. तू सकाळी आलास, आईच्या हातचं जेवलास, आणि एक वाजता मी तुला ओढतच गच्चीवर नेलं, कारण त्या आठवड्यात सूर्यावर फार मोठा डाग आला होता. तू आधी नको म्हणालास. मग डोळा लावलास आणि ओरडलास, "अरे, याच्या गालावर तीळ आहे!" मी तुला डागाभोवतीची फिकट कडा दाखवली, ती तू शोधत राहिलास. मी म्हटलं, बस झालं, आता फोटो काढू. तू म्हणालास, "थांब रे. सत्तावीस वर्षं हा रोज सकाळी माझ्या समोरच्या काचेवर येऊन बसतो आणि मला डोळे मिचकवायला लावतो. आज याला मी बघतो, होऊ दे काय व्हायचं ते." मी हसलो. मामा, मी हसलो, आणि सवयीने वहीत वेळ लिहिली. एक बारा ते एक एकतीस. मी रोज पाच मिनिटं बघायचो, तू एका बैठकीत एकोणीस मिनिटं बघितलंस. उठलास तेव्हा तुझ्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. तू विचारलंस, हे काय रे? मी म्हटलं, गच्चीवर वारा आहे. वारा नव्हता. वहीत मीच लिहिलंय, वारा नाही.

मी तुला फोन केले, तुला आठवत असतील. पहिल्यांदा विचारलं, डोळे कसे आहेत? तू म्हणालास, "घारीसारखे! का, चष्मा विकायचाय?" आणि मीही तुझ्याबरोबर खी खी केलं. तू हसलास की माझं बोलणं हसण्यात बुडून जातं, लहानपणापासून तसंच आहे. दुसऱ्यांदा आपण बसबद्दल बोलत होतो आणि तू सहज म्हणालास, "हल्ली सिग्नलचे दिवे कसले बसवतात कोण जाणे. सगळे मधून जळलेले. कडा तेवढी लाल."  मी म्हटलं, हो का, आणि आईला फोन दिला. त्या क्षणी बोलायला हवं होतं. तिसरा फोन कालचा. तू अंघोळीला गेला होतास, मामीने उचलला. ती हसत सांगत होती, "तुझा मामा म्हातारा झाला बघ. डेपोच्या फाटकाचा खांब वीस वर्षं तिथेच उभा आहे, याने गाडी त्यालाच घासली. वर म्हणतो, खांब पुढे सरकला होता." गाडी दुरुस्तीला गेलीय आणि सोमवारी परत मिळणार, तोवर तू घरी आहेस, हेही तिनेच सांगितलं. म्हणून आज मंगळवारी बसून हे लिहितोय आणि आजच पाठवतोय.

तू म्हणशील, मास्तर, तुझा एक डोळा बिघडला तर दुसरा आहे ना, मग माझाही असेल. तेच तर नाही. शेवटच्या थांब्यावर, रिकाम्या बसमध्ये, तू मला एकदा सांगितलं होतंस की सात वर्षांचा असताना चेंडू लागला आणि तेव्हापासून डाव्याने फक्त उजेड अंधार कळतो. परवाना तपासायला बोलावतात तेव्हा तू रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहतोस, पुढचे लोक तक्त्यावरची अक्षरं वाचतात ती ऐकून ऐकून पाठ करतोस आणि डाव्याची पाळी आली की घडाघडा म्हणून दाखवतोस. "गाडी चालवायला एक डोळा पुरतो, दुसरा नुसता शोभेला," असं म्हणाला होतास, आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातली होतीस. मी ती पाळली. आईला सांगितलं नाही. पण त्या रविवारी तू दुर्बिणीला लावलास तो उजवा होता, मामा. तुझ्याकडे होता तो एकच. सोमवारी तू गाडीत बसशील, मागे चाळीस माणसं असतील, आणि ज्याच्याकडे तू बघशील नेमकं तेच दिसणार नाही. रस्ता दिसेल, झाडं दिसतील, फक्त समोर आलेला माणूस दिसणार नाही. मला माहीत आहे, तुझ्या हातातून चाक काढून घेतलं तर तू कसा होशील. गाडीवरून काढलेल्या, आता डेपोच्या खिडकीत बसून तिकिटांची बंडलं बांधणाऱ्या तुझ्या मित्राला तू जिवंतपणी मेलेला म्हणतोस. हे सगळं तुझ्यावर मी आणलंय, आणि माफी मागायला तोंड नाही. पण तू सोमवारी गाडीत बसलास तर ती चूकही माझीच असेल, आणि तिला वहीत लिहायलाही जागा नाही.

हे मी फोनवर का नाही सांगितलं, ते आता सांगतो. तू ते हसण्यावारी नेलं असतंस, आणि पुन्हा तुझ्यामाझ्यातच ठेवलं असतंस. पण तुला आलेलं पत्र तू कधीच स्वतः वाचत नाहीस. खाटेवर पाय पसरून डोळे मिटतोस आणि मामी मोठ्याने वाचते, हे मी कित्येकदा बघितलंय. म्हणून पत्र. मामी, इथवर तूच वाचत आलीस, आणि मागच्या परिच्छेदात तुझा आवाज अडखळला असेल. मला क्षमा कर, तुला असं सांगायला नको होतं, पण दुसरा रस्ता सापडला नाही. आता तो उठून बसला असेल, काहीतरी विनोद करायच्या बेतात असेल. तू हसू नकोस. त्याला खाटेवरच बसू दे, तू उठून दारात जाऊन उभी राहा. डोळा झाकायला सांगायची गरज नाही, डाव्याने त्याला तू तशीही दिसत नाहीस. त्याला म्हण, माझ्या नाकाकडे बघा, आणि विचार, नाक दिसतंय का? नीट दिसतं का, हे तू त्याला कधी विचारलंच नव्हतंस, म्हणून त्याला आजवर खोटं बोलावं लागलं नाही. तो गप्प बसला तर खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून परवाना काढ आणि तुझ्याजवळ ठेव. मी रविवारी येतोय, सोमवारी सकाळी त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाईन, आणि त्याला आधार म्हणून धरणार नाही, त्याला ते आवडत नाही, नुसता शेजारून चालेन. पत्र खाली ठेव, मामी. जा, दारात उभी राहा.

तुझाच,
मास्तर